शरीफांची पदं, बंगळुरूची गिटार

शास्त्रीय गिटारच्या मैफलीत आज आदराने ऐकलं जाणारं कितीतरी संगीत मुळात चौकातल्या नाचाचं आणि घरगुती गाण्याचं आहे. गास्पार सान्स यांच्या १६७४च्या गिटारवरच्या पुस्तकात 'कानारिओस'सारखे नाच आहेत. मिगेल योबेत यांनी कातालान लोकगीतं अशी बांधली, की अंगठा खर्जाचा आधार देतो आणि वरच्या तारांवर गाणं मोकळं राहतं. ब्राझीलचे संगीतकार विला-लोबोस रिओतल्या शोरो या लोकप्रिय वाद्यसंगीताच्या वादकांत मिसळले. त्यांचा १९२०चा 'शोरोस क्रमांक १' त्याच संगतीतून आला.

बंगळुरूत हे घडायला वेळ लागला, आणि घडलं ते शास्त्रीय गिटारच्या वर्गात नव्हे, बँडच्या मंचावर. गिटार शहरात होतीच, पण नावाजली गेली ती रॉकसाठी. मार्च २००७मध्ये पॅलेस ग्राउंड्सवर 'आयर्न मेडन' वाजलं, तेव्हा देशभरातून पोरं लोटली होती. कोणार्क रेड्डींसारखे वादक गिटार आणि कर्नाटक संगीत यांची सांगड घालत होते. त्या कामाला मिळायला हवी होती तेवढी दाद मिळाली नाही, असं मला वाटतं.

मग २००८मध्ये रघू दीक्षित यांचा पहिला अल्बम आला. जन्म नाशिकचा, वाढले म्हैसुरात. रीतसर भरतनाट्यम शिकलेला हा माणूस मित्राने डिवचलं म्हणून गिटारकडे वळला. त्या गिटारवर त्यांनी शिशुनाळ शरीफांची पदं घेतली. शरीफ (१८१९–१८८९) आजच्या हावेरी जिल्ह्यातले, मुसलमान घरातले, आणि गुरू ब्राह्मण, गोविंद भट्ट. गुडगुडीच्या झुरक्यावरून ते थेट अंतःकरणातल्या मळापर्यंत नेतात. नाथांची भारुडं ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही रीत परकी वाटत नाही. सी. अश्वथ यांच्या आवाजाने ही पदं आधीच घराघरांत गेली होती. गिटारमुळे ती कॉलेजातल्या पोरांच्या ओठांवर आली. त्यांतल्या अनेकांना कन्नड धड येतही नव्हतं.

रघू दीक्षितांना मंचावर बघावं. रंगीत लुंगी, पायात घुंगरू, गळ्यात गिटार. पाय आपटला की घुंगरू वाजतात आणि त्याच क्षणी उजवा हात तारांवर पडतो. त्यांचं गिटारवादन साधं आहे अशी तक्रार मी जाणकारांकडून ऐकली आहे. ते साधंच असायला हवं. शरीफांच्या पदात शब्द आधी पोचला पाहिजे, आणि हात फार बोलू लागला की शब्द मागे पडतो. २०१०मध्ये बीबीसीवर जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात आणि पुढच्या वर्षी ग्लास्टनबरी महोत्सवात त्यांचं संगीत पोचलं. धाकटे भाऊ वासू दीक्षित यांचा 'स्वरात्मा' बँडही याच सुमारास लोकसंगीताच्या वाटेने निघाला होता.

आता मला हवंय ते एकट्या गिटारचं काम. योबेत यांनी कातालान गाण्यांचं केलं, तसं शरीफांच्या पदांचं व्हावं. सहावी तार एक स्वर उतरवून अंगठ्याने एकतारीसारखी वाजती ठेवायची आणि चाल उरलेल्या बोटांवर सोपवायची. कन्नड शब्दाचा आघात कुठे पडतो हे कानात मुरलेला वादक मात्र या कामाला हवा, आणि असा वादक बंगळुरूत सापडायला अडचण येऊ नये.