सायकलवरचे धर्मदूत

जपानमधल्या एखाद्या लहानशा शहरात सकाळी दहानंतर दोन परदेशी तरुण सायकलवरून जाताना दिसतात. पांढरा सदरा, टाय, पाठीला पिशवी, खिशावर काळी नावपट्टी आणि डोक्यावर हेल्मेट. मोठ्या माणसांनीही सायकलवर हेल्मेट घालावे, हा नियम जपानात 2023 च्या एप्रिलमध्ये आला, आणि त्यालाही दंड नाही. हे तरुण मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हेल्मेट घालत आले आहेत, कारण त्यांच्या संस्थेचा तसा दंडक आहे. वय 19-20, घर बहुतेक वेळा अमेरिकेतल्या युटा किंवा आयडाहो राज्यात. हे मॉर्मन मिशनरी. 2024 च्या अखेरीस जगभर असे 74 हजारांहून अधिक पूर्णवेळ मिशनरी काम करत होते.

त्यांच्या संप्रदायाचे पूर्ण नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. ‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथावरून लोक त्यांना मॉर्मन म्हणू लागले. हे नाव टाळून पूर्ण नाव वापरावे, असे आवाहन 2018 मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी केले. या लेखात केवळ ओळखीच्या सोयीसाठी जुने नाव ठेवले आहे. जोसेफ स्मिथ यांनी 6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क राज्यात हा संप्रदाय स्थापन केला, आणि त्याच उन्हाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ सॅम्युएल पिशवीत ग्रंथाच्या प्रती घालून गावोगाव पायी निघाला. पहिल्या काही पिढ्यांतले धर्मदूत पैसे न घेताच बाहेर पडत आणि जो जेवू घालील त्याच्या दारी जेवत. आपल्याकडे पुण्यात माधुकरी मागून शिकलेल्या विद्यार्थ्यांची जी परंपरा होती, तिच्याशी याचे नाते जुळते.

आता तसे नाही, पण पगार आजही नाही. उलट अमेरिकेतल्या मिशनरीचे कुटुंब दरमहा 500 डॉलर चर्चकडे भरते आणि चर्च ज्याच्या त्याच्या देशातल्या खर्चाप्रमाणे ती रक्कम वाटून देते. 1990 पर्यंत प्रत्येकाने आपापला खरा खर्च उचलायचा असे. ज्याच्या मुलाला टोकियो मिळाले त्याची ओढाताण व्हायची, आणि स्वस्त देश मिळाला तर निभावून जायचे. हे ‘मिळणे’ मात्र अजून तसेच आहे. कुठे जायचे हे मुलगा ठरवत नाही. तो अर्ज करतो आणि सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयातून उत्तर येते. ते पूर्वी मोठ्या पांढऱ्या पाकिटात यायचे. सगळे घर, शेजारी, मित्र जमवून ते फोडायची रीत होती. 2018 पासून उत्तर संगणकावर येऊ लागले, तरी माणसे तशीच जमतात. मुलांसाठी मुदत 24 महिने, मुलींसाठी 18. वयाची अट 2012 मध्ये शिथिल झाली, मुलांची 19 वरून 18 आणि मुलींची 21 वरून 19. तेव्हापासून मुलींची संख्या खूप वाढली.

युटातल्या प्रोव्हो गावी त्यांचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे पन्नासच्या वर भाषा शिकवतात. शिकवणारे बहुतेक जण आदल्या दोन-चार वर्षांत तोच देश पाहून आलेले विद्यार्थीच असतात. जपानीसाठी मिळतात जेमतेम दोन महिने. एवढ्या वेळात प्रार्थना म्हणता येते, स्वतःची ओळख करून देता येते, धर्माचे चार धडे सांगता येतात. मग विमान. उतरल्यावर पहिल्याच दिवशी कळते, की आपण घोकलेले वाक्य समोरच्याला समजते, पण त्याचे उत्तर आपल्याला समजत नाही.

दिवस साडेसहाला सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ, न्याहारी. त्यानंतर एक तास एकट्याने धर्मग्रंथाचा अभ्यास, एक तास जोडीदाराबरोबर, आणि नवख्यांना भाषेचा वेगळा तास. दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवे बंद. 2017 पासून या वेळांत देशाप्रमाणे थोडाफार बदल करायची मुभा आहे, पण चौकट तीच. सिनेमा नाही, मुलींबरोबर फिरणे नाही, पोहणेसुद्धा नाही. नाव घेऊन हाक मारायची नाही. मुलगा ‘एल्डर’ आणि मुलगी ‘सिस्टर’, पुढे आडनाव. जपानात आडनावापुढे ‘चोरो’ लागते. हा मान आपल्याकडे गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला शोभावा असा, आणि तो घेऊन फिरतो मिसरूड नुकते फुटलेला मुलगा.

सगळ्यांत कठीण नियम मला जोडीचा वाटतो. मिशनरी कधीच एकटा नसतो. न्हाणीघर सोडले तर जोडीदाराच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचे, एकाच खोलीत झोपायचे, एकत्र स्वयंपाक, एकत्र बाजार. जोडीदार निवडता येत नाही. साधारण सहा आठवड्यांनी बदल्या होतात. कोणी शहर बदलतो, कोणाचा जोडीदार बदलतो, कोणी आणखी सहा आठवडे तिथेच राहतो. त्यामुळे युटाच्या मुलाला कधी ब्राझीलचा, कधी ओसाकाचा सोबती मिळतो. एक भात जास्त मऊ शिजवतो, दुसरा झोपेत बोलतो, तिसरा आठवडाभर अबोला धरतो. भांडण झाले तरी उठून दूर जाता येत नाही. सकाळी त्याच्याच शेजारी बसून अभ्यास करायचा असतो. लग्नाआधी मिळालेले हे उत्तम शिक्षण आहे, असे परतलेली अनेक माणसे म्हणतात, आणि मला ते पटते.

चहाचा प्रश्न जपानात नाजूक होतो. 1833 च्या एका धर्माज्ञेनुसार मॉर्मन लोकांना दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य आहे, आणि ज्या घरात चुकून आत बोलावतात तिथे पहिल्यांदा समोर येतो तो हिरवा चहा. नाही म्हणणे म्हणजे यजमानाचा अवमान. सुटका करतो तो ‘मुगिचा’, भाजलेल्या सातूचे पेय. त्यात चहाची पाने नसतात, म्हणून तो चालतो आणि उन्हाळ्यात जपानी घरोघर असतोच. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो. तो निर्जळी, लागोपाठ दोन जेवणे सोडून. आणि वाचलेल्या अन्नाची किंमत गरिबांच्या निधीत द्यायची. आठवड्यातला एक दिवस घरकामाला मिळतो: कपडे धुणे, केस कापणे, किराणा, पत्रे.

उरलेला वेळ नकाराचा. दारावरची घंटा वाजवायची, आतल्या यंत्रातून मृदू आवाजात ‘नको’ ऐकायचे, वाकून नमस्कार करायचा, पुढचे दार. जपानी माणूस अपमान करत नाही, पण दार उघडतही नाही. म्हणून मिशनरी स्टेशनबाहेर उभे राहतात, सभासदांच्या ओळखीने घरी जातात आणि फुकट इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवतात. या वर्गांना निवृत्त माणसे, गृहिणी, शाळकरी मुले येतात. धर्माकडे त्यातली फार थोडी वळतात, पण वर्ग चालू राहतो. होक्काइदोच्या बर्फात सायकल चालत नाही. तिथे हिवाळाभर हे सगळे पायी.

या कष्टांचे मोल कशात मोजायचे? जपानचा पहिला अध्याय यासाठी मुद्दाम सांगण्यासारखा आहे. 12 ऑगस्ट 1901 रोजी हेबर ग्रँट यांच्यासह चौघे योकोहामाला उतरले. मॉर्मन म्हटल्यावर तिथल्या एका परदेशी बोर्डिंग हाउसने त्यांना जागाही दिली नाही. बहुपत्नीत्वाची प्रथा चर्चने 1890 मध्ये अधिकृतपणे थांबवली होती, पण तिची कीर्ती मागे उरली होती. चौघांतला सर्वांत लहान, अल्मा टेलर, तेव्हा 19 वर्षांचा होता. ग्रँट दोन वर्षांत परतले. टेलर राहिला, एक-दोन नव्हे, आठ वर्षांहून जास्त. ना शब्दकोश धड, ना व्याकरणाची चांगली पुस्तके. तो भाषा शिकला आणि मग ‘बुक ऑफ मॉर्मन’ जपानीत आणायला बसला. वर्षानुवर्षे लिहिणे, खोडणे, जपानी जाणकारांकडून तपासून घेणे. साहित्यिक इकुता चोको यांनी भाषेवर हात फिरवला आणि 1909 मध्ये ग्रंथ छापून निघाला. घर सोडताना जो पोरगेला होता, तो 1910 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी परत निघाला.

आणि फळ? 1901 पासून 1924 पर्यंत 88 मिशनरी जपानला जाऊन आले आणि बाप्तिस्मा घेतलेली माणसे 166. सरासरी माणशी दोनही नाहीत. 1924 मध्ये मिशन बंद झाले, आणि बंद करणारे चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष तेच हेबर ग्रँट होते. महायुद्धानंतर 1948 मध्ये ते पुन्हा उघडले. 1980 मध्ये टोकियोत आशियातले त्यांचे पहिले मंदिर उभे राहिले, आणि आज जपानात सभासद सव्वा लाखाहून जास्त आहेत. हा आकडा पाहून टेलरचे कष्ट सार्थकी लागले, असे म्हणायचा मोह होतो. मला ते आकड्याशिवायही सार्थकी लागलेले वाटतात. आकड्यांच्या मागे लागून याच चर्चचे पाऊल घसरल्याचे उदाहरणही आहे: 1960 च्या आसपास ब्रिटनमध्ये मिशनरींनी बेसबॉलच्या नादाने पोरांना गोळा करून बाप्तिस्मे दिले. त्यातली बहुतेक मुले पुन्हा चर्चकडे फिरकली नाहीत आणि नंतर त्यांची नावे वह्यांतून काढावी लागली.

मुंबई-पुण्यानेही हे धर्मदूत पाहिले आहेत. ह्यू फिंडले हा स्कॉटिश माणूस 1852 मध्ये मुंबईला आला आणि पुण्यालाही गेला. त्याचे ऐकणारे मुख्यतः छावणीतले गोरे सैनिक होते. 1850 चे दशक संपण्याआधी मिशनरी भारतातून निघून गेले. आज अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ही जोडी दारात उभी राहिलेली ठाऊक असते.

घरची आठवण हा या मुलांचा खरा शत्रू. फार काळ घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. बाकी आठवड्याचे पत्र. 2019 च्या फेब्रुवारीत हा नियम बदलला आणि दर आठवड्याला बोलता येऊ लागले. काही मुलांना तरीही झेपत नाही. आजाराने, मनाच्या खचण्याने ती मुदतीआधी परततात आणि स्वागताऐवजी कुजबुज त्यांच्या वाट्याला येते. आपल्याला जमले नाही हे सांगायलाही त्या वयात धैर्य लागते. ही कुजबुज थांबायला हवी.

मुदत पुरी झालेला घरी येतो तेव्हा स्थानिक धर्माधिकारी त्याला रीतसर मोकळा करतो आणि नावपट्टी उतरते. बरेच जण प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात पुन्हा वर्गात बसतात, जिथे अर्ध्याहून अधिक विद्यार्थ्यांना दुसरी भाषा बोलता येते. युटाच्या सरकारी शाळांत 2008 च्या कायद्याने अर्धा दिवस चिनी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमधून शिकवणे सुरू झाले. परक्या भाषांचे असे स्वागत करणाऱ्या राज्यात, परक्या देशात दोन वर्षे काढून आलेले आईबाप घरोघर होते. त्यांतले काही जण एके काळी जपानात दारोदार ‘नको’ ऐकत हिंडलेले होते.