कोतची किल्ली आणि क्लाउडवरची यादी

मागच्या भागात आपण पायथनमध्ये एक यादी तयार केली, ती फाइलमध्ये साठवली आणि परत वाचली. आज तीच यादी लॅपटॉपवरून उचलून क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये ठेवू, आणि आपल्याच प्रोग्रॅममधून तिथे लिहू-वाचू. कोड जेमतेम पाच-सहा ओळींचा आहे. खरा वेळ जातो तो कोडच्या आधीच्या निर्णयांवर, आणि तो जायलाच हवा.

यादी कसली, ते आधी ठरवू. म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. माजी सैनिकांचे गट गावोगाव वीरनारींची आणि पेन्शनर कुटुंबांची यादी ठेवतात. नाव, गाव, सैन्य क्रमांक, फोन, पेन्शनची अडचण काय, पाठपुरावा कोण करतंय, एवढं त्यात असतं. ती बहुधा एक्सेलमध्ये असते. एक प्रत बडोद्याला, दुसरी इंदूरला, तिसरी बेळगावला. एका प्रतीत बाईंचं काम 'झालं', दुसरीत 'अर्ज बाकी', आणि प्रत्यक्षात दोघांनीही दुसरा करतोय असं समजून सोडून दिलेलं. क्लाउड डेटाबेसचा पहिला फायदा हाच की प्रत एकच राहते.

तोटाही त्याच्याच पोटात आहे. प्रत एकच, पण ती इंटरनेटवर. हयातीच्या दाखल्याचे दिवस आले की वयस्क पेन्शनरांना फोन येतात, "पेन्शन बंद पडेल, ओटीपी सांगा." समोरच्याकडे नाव, सैन्य क्रमांक आणि अडचणीचा तपशील तयार असेल, तर त्या माउलीचा विश्वास बसायला कितीसा वेळ लागणार? म्हणून आज मी कोडपेक्षा किल्लीवर जास्त बोलणार आहे.

आपण गूगलचा फायरस्टोअर घेऊ. तो २०१७ मध्ये आला. सुरुवात फुकटात होते आणि क्रेडिट कार्ड लागत नाही. त्यात एक्सेलसारखे रकाने नसतात. 'कलेक्शन' म्हणजे कपाट, 'डॉक्युमेंट' म्हणजे कपाटातली एकेक फाइल, आणि फाइलमध्ये नाव-फोन-गाव अशा नोंदी. प्रत्येक फाइलमध्ये सारख्याच नोंदी असल्या पाहिजेत असंही नाही. एका डॉक्युमेंटची मर्यादा १ एमबीच्या आसपास आहे. आपल्या नोंदीला ती उदंड झाली, पण कागदपत्रांचे फोटो त्यात कोंबू नका.

फायरबेसच्या कन्सोलमध्ये प्रोजेक्ट उघडून डेटाबेस तयार करायला गेलात की तो दोन प्रश्न विचारतो.

पहिला, डेटा कुठे ठेवायचा? भारतात मुंबई आणि दिल्ली असे दोन पर्याय आहेत. मुंबईचं नाव तिथे 'एशिया साउथ वन' आणि दिल्लीचं 'एशिया साउथ टू'. समोर आपोआप जे ठिकाण येईल त्यावर होय म्हणत पुढे जाऊ नका. हे उत्तर एकदा दिलं की त्या डेटाबेससाठी बदलता येत नाही. अमेरिकेतलं ठिकाण निवडलं तर प्रत्येक वाचन सातासमुद्रापार जाऊन येतं.

दुसरा प्रश्न, सुरुवात 'टेस्ट मोड'मध्ये की 'प्रॉडक्शन मोड'मध्ये? पुष्कळ व्हिडिओंत टेस्ट मोड घ्या असं सांगतात, कारण त्यात काही अडत नाही. अडत नाही, कारण पहिले ३० दिवस गेटवर संत्रीच नसतो. तुमच्या प्रोजेक्टचा पत्ता ज्याला कळेल तो वाचू शकतो, लिहू शकतो, पुसूही शकतो. आपण प्रॉडक्शन मोड घ्यायचा. त्यात बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना मनाई असते. मग आपला प्रोग्रॅम आत कसा जाणार? किल्ली घेऊन.

फौजेत हत्यारं ठेवायच्या खोलीला 'कोत' म्हणतात. कोतच्या किल्लीचा हिशेब असतो. कुणी घेतली, कधी परत केली, याची सही होते. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये 'सर्व्हिस अकाउंट्स' या पानावर 'नवी प्रायव्हेट की' तयार करायचं बटण आहे. ते दाबलं की एक छोटी जेसन फाइल उतरते. ही कोतची किल्ली. ज्या प्रोग्रॅमच्या हातात ती आहे त्याला संत्री अडवत नाही. तुम्ही लिहिलेले सुरक्षेचे नियम त्याला लागूच होत नाहीत, जशी कमांडिंग ऑफिसरची गाडी गेटवर तपासत नाहीत. त्यामुळे ही फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची नाही, मोबाइल अ‍ॅपमध्ये घालायची नाही, आणि कोडच्या फोल्डरमध्ये तर मुळीच ठेवायची नाही. फोल्डर उद्या गिटहबवर चढतो आणि किल्लीही सोबत जाते. नंतर फाइल पुसून भागत नाही, कारण गिटहब जुन्या आवृत्त्या जपून ठेवतं आणि पुसलेली फाइल तिथे सापडते. अशी किल्ली बाहेर गेली तर एकच उपाय. गूगल क्लाउड कन्सोलमध्ये जाऊन ती किल्लीच रद्द करायची, नवी काढायची. कुलूप बदला, किल्ली शोधत बसू नका.

मग प्रोग्रॅमला ती सापडणार कशी? ती दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिचा पत्ता 'गूगल अ‍ॅप्लिकेशन क्रेडेन्शियल्स' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लिहा. नाव सगळं मोठ्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये अंडरस्कोअर. विंडोजवर 'सेटएक्स' या आज्ञेने हे होतं. मात्र आज्ञा दिल्यावर ती खिडकी बंद करून नवी उघडा. जुन्या खिडकीला हा बदल कळत नाही आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो.

आता कोड. 'पिप इन्स्टॉल फायरबेस-अ‍ॅडमिन' करा. प्रोग्रॅममध्ये ते पॅकेज इम्पोर्ट करा. 'इनिशियलाइझ अ‍ॅप' म्हणा, कंसात काही नको. किल्लीचा पत्ता तो व्हेरिएबलमधून स्वतःच उचलतो. मग 'फायरस्टोअर डॉट क्लायंट' मागा आणि त्याला 'डीबी' नाव द्या. पुढची ओळ वाचायला मराठीसारखीच आहे. डीबीच्या 'कुटुंबे' कलेक्शनमध्ये, अमुक क्रमांकाचं डॉक्युमेंट, त्यात ही नोंद 'सेट' कर. झालं. कन्सोलमध्ये बघा, नोंद दिसेल. पहिले काही दिवस खोटी नावं आणि खोटे फोन घालूनच सराव करा.

'सेट' या शब्दापाशी मात्र थांबायला हवं. समजा, एका बाईंच्या नोंदीत नाव, गाव, फोन सगळं आहे आणि तुम्हाला फक्त फोन बदलायचा आहे. तुम्ही नुसता नवा फोन देऊन 'सेट' केलंत तर डॉक्युमेंटमध्ये फक्त फोन उरतो. नाव, गाव, अडचण, सगळं गेलं. 'सेट' जुनी फाइल फेकून नवी ठेवतो. तक्रार करत नाही, विचारत नाही. दुरुस्तीसाठी 'अपडेट' वापरा. तो दिलेली नोंदच बदलतो आणि डॉक्युमेंट अस्तित्वात नसेल तर चूक दाखवतो, म्हणजे चुकीचा क्रमांक टाइप केला तरी लक्षात येतं. 'असेल तर जोड, नसेल तर बनव' असं हवं असेल तर 'सेट'सोबत 'मर्ज' खरं आहे असं सांगा.

डॉक्युमेंटचं नाव आपण द्यायचं की त्याला ठरवू द्यायचं? 'अ‍ॅड' वापरलं तर तो स्वतः एक लांबलचक नाव ठेवतो. पण एक्सेलची यादी चढवताना मध्येच वीज गेली आणि तुम्ही प्रोग्रॅम परत चालवलात, तर आधी चढलेली कुटुंबं दोनदा होतात. सैन्य क्रमांक हेच नाव दिलं तर प्रोग्रॅम कितीही वेळा चालवा, नोंद एकच.

आपल्या लोकांना हमखास छळणारी गोष्ट म्हणजे नावं. फायरस्टोअर अक्षरन् अक्षर जुळवून पाहतो. 'दत्तात्रय' शोधलंत तर 'दत्तात्रेय' सापडणार नाही. 'बेळगाव' म्हणालात तर 'बेळगावी' लिहिलेल्या नोंदी येणार नाहीत, आणि 'बडोदा'-'वडोदरा'चं तेच. '९' आणि इंग्रजी नऊ हीदेखील त्याच्या लेखी दोन वेगळी चिन्हं. म्हणून गावाचं नाव टाइप करू देऊ नका, ठरलेल्या यादीतून निवडायला द्या. फोनमध्ये सगळे अंक एकाच लिपीत ठेवा, आणि फोन 'संख्या' म्हणून नव्हे, मजकूर म्हणून साठवा. त्याची बेरीज आपल्याला करायची नाही, आणि संख्या केली की सुरुवातीचं शून्य जातं.

वाचताना हिशेब डॉक्युमेंटांचा होतो. ४०० कुटुंबांची यादी एकदा आणली की ४०० वाचनं झाली. फुकटात रोज ५०,००० वाचनं आणि २०,००० लेखनं मिळतात. आपल्या कामाला पुष्कळ आहेत. पण दर मिनिटाला सगळी यादी आणणारा प्रोग्रॅम सुरू ठेवलात तर सव्वादोन तासही पुरणार नाहीत. मग फुकटच्या योजनेत दुसऱ्या दिवशीपर्यंत वाचन बंद. हा 'दुसरा दिवस' अमेरिकेतल्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री उजाडतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीडला. सगळं मागवून लॅपटॉपवर गाळण्यापेक्षा 'व्हेअर' लावून हवं तेवढंच मागवा. गावानुसार गाळून तारखेनुसार क्रम लावायला गेलात की 'इंडेक्स हवा' अशी चूक येईल. घाबरू नका, त्या संदेशातच एक दुवा असतो. तो उघडून होय म्हणा, थोडा वेळ थांबा, चालू होतं.

आज एवढं झालं की तुमच्या एका लॅपटॉपवरून यादी लिहिता-वाचता येईल. बडोदा, इंदूर, बेळगावच्या मंडळींना लगेच जोडायचं म्हणून किल्लीच्या प्रती काढून वाटू नका. त्यांच्यासाठी लॉगिन लागतं, आणि प्रत्येकाला काय दिसावं याचे नियम लिहावे लागतात. संत्रीला लेखी हुकूम द्यायचं ते काम पुढच्या भागात करू. तोवर त्यांनी बदल फोनवर तुम्हाला सांगावेत आणि नोंद तुम्ही करावी.