विमान आणि डबा

6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या अमेरिकी विमानाचं नाव ‘एनोला गे’. वैमानिक पॉल टिबेट्स यांनी आपल्या आईचं नाव त्याला दिलं होतं. पुढे हे विमान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आलं आणि सुटे भाग करून वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिलं. बॉम्बहल्ल्याला 50 वर्षं होतील तेव्हा, म्हणजे 1995 मध्ये ते लोकांसमोर मांडायचं ठरलं. तिथूनच वादाला तोंड फुटलं.

संस्थेच्या हवाई व अंतराळ संग्रहालयाचे संचालक होते मार्टिन हारविट. बॉम्ब टाकण्याचा निर्णय कसा झाला, हिरोशिमात काय घडलं आणि अण्वस्त्रांची शर्यत कशी सुरू झाली, हे सगळं विमानासोबत सांगायचं, असा त्यांच्या सहकाऱ्यांचा आराखडा होता. त्यासाठी हिरोशिमाहून काही वस्तू आणायच्या होत्या. त्यातली एक होती एका शाळकरी मुलीचा जेवणाचा डबा. आतला भात आणि मटार जळून कोळसा झालेले. ती मुलगी कधीच सापडली नाही.

माजी सैनिक खवळले. जपानवर चढाई झाली असती तर त्यांच्यातल्या कितीतरी जणांना त्या किनाऱ्यांवर उतरावं लागणार होतं. बॉम्बमुळे आपण जिवंत घरी आलो, ही त्यांची पक्की भावना होती. एअर फोर्स असोसिएशनच्या मासिकाने एप्रिल 1994 मध्ये आराखड्यावर कडाडून टीका केली. जपानने चालवलेल्या आक्रमणाला त्यात पुरेशी जागा नाही, या आक्षेपात तथ्यही होतं. संग्रहालयाने मजकूर पुन्हा पुन्हा बदलला. सप्टेंबरमध्ये सिनेटने एकमताने ठराव करून आराखड्याचा निषेध केला.

शेवटचा खटका उडाला तो एका आकड्यावरून. चढाई झाली असती तर अमेरिकेचे किती सैनिक हताहत झाले असते? मजकुरात 2,29,000 हा आकडा होता. अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल लेही यांच्या जून 1945 मधल्या डायरीत मात्र जपानच्या क्युशू बेटावरच्या चढाईसाठी 63,000 चा अंदाज होता. एका इतिहासकाराने तो दाखवून दिल्यावर हारविट यांनी दुरुस्ती करायचं ठरवलं. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेला हे मान्य होणं शक्यच नव्हतं. हताहतांचा अंदाज कमी केला की निर्णयाचं समर्थन कमकुवत होतं, हे दोन्ही बाजूंना कळत होतं.

30 जानेवारी 1995 रोजी स्मिथसोनियनचे प्रमुख मायकेल हेमन यांनी मूळ प्रदर्शन रद्द केलं. मे महिन्यात हारविट यांनी राजीनामा दिला. जूनमध्ये जे उघडलं त्यात विमानाचा पुढचा भाग, त्याच्या डागडुजीची माहिती आणि चमूची हकिगत होती. डबा आलाच नाही.

2003 मध्ये वॉशिंग्टनजवळच्या नव्या इमारतीत अख्खं विमान उभं राहिलं. विमानाची तांत्रिक थोरवी आणि हिरोशिमावर बॉम्ब टाकल्याची नोंद फलकावर होती, मेलेल्यांचा आकडा नव्हता. अनेक अभ्यासकांनी निषेध केला, हिरोशिमातून वाचलेली वृद्ध माणसं तिथवर आली. फलक तसाच राहिला.

वाद टाळण्यासाठी मजकूर गाळला की संग्रहालय तटस्थ होतं, असा समज या प्रकरणात खोटा ठरला. गाळणं हीसुद्धा एक बाजू घेणंच होतं. सैनिकांची आठवण खरी होती आणि डबाही खरा होता. दोन्ही एकाच दालनात ठेवून पाहणाऱ्याला विचार करू देणं अवघड होतं, अशक्य नव्हतं. खुद्द हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयावरही टीका होत होती, की तिथे फक्त जपान्यांचं दुःख दिसतं. 1994 मध्ये तिथे नवं दालन उघडलं आणि हे शहर जपानी लष्कराचं मोठं ठाणं होतं, उजिना बंदरातून सैन्य परदेशी लढायांवर जात होतं, हेही सांगितलं गेलं. जळालेल्या शहराला हे सांगता येतं, तर ‘एनोला गे’ समोरच्या फलकावरही दोन ओळी वाढवता येतील: 1945 च्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे 1,40,000 माणसं मेली, आणि त्यातली बहुतेक नागरिक होती.