फोर्टमधली बिनखिडकीची खोली

इंटरव्ह्यू सकाळी नऊला, तोही मुंबईच्या फोर्टात. आदल्या रात्री मी तिथेच एका मध्यम दराच्या हॉटेलात उतरलो. खोलीला खिडकीच नव्हती! मध्यरात्री लाइट गेली, तेव्हा दार सापडेना. आपली हॉस्टेलची रूम महाल वाटली.

असं का होतं? फोर्टचा कोट १८६० च्या दशकात पाडला, नाव तेवढं राहिलं. इथल्या कित्येक जुन्या इमारती हॉटेलसाठी बांधलेल्या नव्हत्या. एखाद्या मजल्यावर हॉटेल निघालं की मोठ्या दालनात पार्टिशन घालून खोल्या पाडतात. रस्त्याकडच्यांना खिडकी, मधल्यांना एक्झॉस्ट फॅन!

म्हणून पैसे भरण्याआधी खोली बघाच. खिडकी आहे का? आग लागली तर बाहेर पडायला दुसरा जिना आहे का? जुना जिना लाकडी असेल तर हे आधी विचारा. भाडं कर धरून किती? चेकआउट दुपारी बाराला की चोवीस तासांनी? सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. कॉलेजचं चालेलच असं नाही.

तरी उतरा फोर्टातच. सकाळी चालत काळा घोडा गाठला. तिथलं जुनं वॉटसन हॉटेल बिडाच्या सांगाड्यावर उभं आहे. सुटे भाग इंग्लंडहून आणून इथे जोडले. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा तिथेच दाखवले गेले. स्ट्रक्चर्सचा पेपर इतका जवळून कधी दिसला नव्हता.

इंटरव्ह्यूचं? झोप नीट झाली असती तर सांगितलं असतं!