टाळी तीच, गाणं वेगळं



दौंड स्टेशनात गाडी थांबली की डब्यात टाळी वाजते. आपण खिडकीबाहेर बघतो, नाहीतर दहा रुपये काढून देतो. बोलत मात्र नाही. आज त्यांच्याबद्दलच बोलू.

२०१६ साली मुंबईत सहा तृतीयपंथींचा गाण्याचा बँड तयार झाला, 'सिक्स पॅक बँड'. आशा जगताप, कोमल जगताप, रवीना जगताप, भाविका पाटील, चांदनी सुवर्णकर आणि फिदा खान. जगताप, पाटील ही आडनावं तर आपल्या शिरूर-दौंडचीच! संगीतकार शमीर टंडन यांनी त्यांना निवडलं. 'हम हैं हॅपी' हे पहिलं गाणं जानेवारीत आलं. त्याच वर्षी या उपक्रमाला फ्रान्समध्ये, कानच्या जाहिरात महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला.

एक फरक समजून घ्या. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या, तमाशात नाच्या असतो, ते रंगमंचापुरतं. तृतीयपंथी मात्र घरीदारी, बाजारातही तेच असतात. ही त्यांची ओळख सुप्रीम कोर्टाने २०१४ साली मान्य केली. २०१९च्या कायद्याने जिल्हाधिकारी त्यांना ओळखीचं प्रमाणपत्र देतात. शाळेत, दवाखान्यात, नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे.

या सहा जणींचा गळा आधीही होताच, संधी नव्हती. गट होण्याआधी बँकेच्या दारात आपलीही तीच गत होती ना?

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं बोला: गावातली एखादी तृतीयपंथी भीक नको, काम द्या म्हणाली, तर आपला गट तिला काय देईल?