पडवीतली यामाहा

आमच्या पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचा हंगाम संपला, की मोकळ्या झालेल्या माणसांना घरातल्या जुन्या वस्तू दिसू लागतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या पडवीतली मोटारसायकल अशीच सर्वांना दिसली. दादांनी १९८९ मध्ये, बागेने हात दिला त्या वर्षी घेतलेली यामाहा आरएक्स १००. आता दादांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे आणि या गाडीला सेल्फ नाही, किकच मारावी लागते. सूनबाईंची तक्रार निराळी. गाडी सुरू केली की धूर थेट स्वयंपाकघरात शिरतो आणि धाकट्या नातवाला खोकला सुटतो. गाडी विकायची, हे जवळपास ठरलेच होते. नाशिकहून एक तरुण रोख पैसे घेऊन यायचा होता.

तरुण वाचकांसाठी थोडे मागे जातो. पूर्वी शेतकऱ्याची आणि दूधवाल्याची फटफटी म्हणजे राजदूत. एस्कॉर्ट्स कंपनी ती पोलंडच्या बनावटीवरून करीत असे. १९८० नंतर परदेशी सहकार्याची दारे उघडली आणि चार जपानी कंपन्या आल्या. सुझुकी टीव्हीएसकडे, होंडा हीरोकडे, कावासाकी आपल्या पुण्याच्या बजाजकडे आणि यामाहा एस्कॉर्ट्सकडे. चौघींनी शंभर सीसीच्या आसपासची गाडी आणली. त्यात होंडाची तेवढी फोर-स्ट्रोक, बाकी तिन्ही टू-स्ट्रोक. आरएक्स १०० आली १९८५ च्या अखेरीस. इंजिन ९८ सीसीचे, ताकद ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलो. मागे द्राक्षाच्या पेट्या बांधून दादा मुंबई-आग्रा रस्त्यावर एसटीला मागे टाकीत, तेव्हा मागे बसलेल्या माझ्या छातीत धडकी भरे.

एवढ्याशा इंजिनात हा जोर आला कुठून? फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. व्हॉल्व्हचा पसारा नाही. सिलिंडरच्या भिंतीला भोके असतात आणि पिस्टनच वर-खाली होताना ती झाकतो, उघडतो. यात अडचण अशी, की गाडी हळू चालताना आत ओढलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण उलटे कार्बोरेटरकडे ढकलले जाते. म्हणून यामाहाने वाटेत रीड व्हॉल्व्ह बसवला : पातळ, लवचिक पात्या, ज्या फक्त आतल्या बाजूला उघडतात. भजनातली पेटी ज्याने एकदा उघडून पाहिली असेल, त्याला त्या पाहताच ओळखीच्या वाटतील. मिनिटाला साडेसात हजार फेरे झाले, की ही पाती सेकंदाला सव्वाशे वेळा उघडमीट करते.

आणि गंमत पाहा. तोराकुसू यामाहा या गृहस्थांनी १८८७ मध्ये हामामात्सू गावच्या शाळेतली बिघडलेली रीडची पेटी, म्हणजे ऑर्गन, दुरुस्त केली, आणि त्यातून वाद्ये करणारी कंपनी उभी राहिली. त्याच कंपनीने १९५५ मध्ये पहिली मोटारसायकल काढली. तीही जर्मनीच्या डीकेडब्ल्यूचा नमुना समोर ठेवून. पेटीची रीड आणि इंजिनची रीड हा योगायोगच म्हणायचा, पण दादांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

टू-स्ट्रोकला पेट्रोलबरोबर ऑइलही जाळावे लागते. पूर्वी ते पेट्रोलमध्ये मोजून मिसळावे लागे. यामाहाने १९६४ मध्ये ऑटोल्यूब हा छोटा पंप आणला. जेवढा अॅक्सिलरेटर पिळाल, त्या मानाने ऑइल आपोआप मिळते. आपोआप म्हणजे टाकीत ऑइल असेल तर! १९९३ मध्ये मी ती टाकी न बघताच चांदवडला निघालो आणि शिरवाड्याजवळ इंजिन जाम झाले. भर उन्हात गाडी ढकलत परत आणली. दादा रागावले नाहीत. संध्याकाळी त्यांनी ओरखडे पडलेला पिस्टन माझ्या हातात दिला, एवढेच.

मात्र सर्वांत मोठी करामत सायलेन्सरमध्ये आहे. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्यातले काही न जळताच निसटते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात नळीचा आकार असा साधला, की धुराचीच लाट उलटून निसटलेले मिश्रण परत आत लोटावे. त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला मिळाला आणि पुढच्याच वर्षी ५० सीसीचा जगज्जेता झाला. तिथून ही विद्या जपानभर पसरली. आरएक्सच्या सायलेन्सरमध्येही तिचा सौम्य अंश आहे. पण लाटेचा हा मेळ ठरावीक वेगातच जमतो. एरवी न जळलेले पेट्रोल आणि ऑइल बाहेर पडते. दर फेरीला मिळणारा जोर आणि सूनबाईंच्या स्वयंपाकघरातला धूर, दोन्ही त्याच भोकांतून येतात. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि १९९६ मध्ये आरएक्स १०० चे उत्पादन थांबले. मला वाईट वाटले, पण नियम चुकला असे मी म्हणणार नाही.

तर तो तरुण आला. गाडीभोवती फिरला, पहिल्याच किकला ती सुरू झाल्यावर खूश झाला. म्हणाला, "काका, नेल्या नेल्या सायलेन्सरची आतली जाळी काढून टाकतो. मग आवाज बघा!"

"आणि ओढ कुठून आणशील?" दादांनी विचारले.

"ओढ काय करायचीय काका? आवाजच पाहिजे."

दादांनी सूनबाईंना चहा टाकायला सांगितले. चहा झाला, द्राक्षांचे भाव झाले, पावसाचे झाले. व्यवहाराचा विषय निघाला नाही, आणि पोरगा समजून उठला.

सूनबाई चिडल्या. दुसऱ्या दिवशी तोडगा निघाला : गाडी पडवीतून खळ्यावर, लिंबाखाली न्यायची आणि सुरू करायची ती तिथेच. मी आणि पुतण्याने ती ढकलत नेली. दादा काठी टेकत मागून आले, गाडीवर ताडपत्री टाकून होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "पेट्रोलचा कॉक बंद केलास का?"

मी केला नव्हता.