पहिल्या घरची मुलं आणि वाटणीचा हक्क

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस लावण्याची घाई होते आणि त्या यादीतून अनेकदा पहिल्या बायकोची मुलं गळतात. कायदा मात्र त्यांना विसरलेला नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलांची सगळी मुलं, कोणत्याही लग्नाची असोत, पहिल्या वर्गातली वारस आहेत. समजा, मृत्युपत्र नाही; मागे दिवंगत पहिल्या पत्नीची दोन मुलं, दुसरी पत्नी आणि तिचा एक मुलगा आहे. स्वकष्टार्जित मालमत्तेत प्रत्येकाला चौथा हिस्सा मिळतो. आजी हयात असेल तर वाटे पाच. आईवडिलांचा घटस्फोट झाला असला, तरी मुलांचा हक्क तुटत नाही.

सावत्र नात्याचं तसं नाही. आईबरोबर नव्या घरी आलेलं मूल सावत्र वडिलांचं वारस ठरत नाही. त्यासाठी मृत्युपत्र किंवा रीतसर दत्तकविधान हवं.

मृत्युपत्र हीच महाराष्ट्रातली मोठी धास्ती, कारण स्वकष्टार्जित मालमत्ता त्याद्वारे कुणालाही देता येते. गोव्याच्या कायद्यात मात्र निम्मी मालमत्ता मुलांसारख्या वारसांसाठी राखीव असते.

यादीतून नाव गळलं, तरी आशा सोडू नये. तलाठ्याकडची वारस नोंद हा मालकीचा अंतिम निवाडा नसतो. जन्मदाखला आणि आईवडिलांच्या लग्नाचा पुरावा घेऊन दिवाणी न्यायालयात हिस्सा मागता येतो.